शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ

कंपनीची मेल, कॅलेंडर आणि फाइली एका क्लाउडवरून दुसऱ्यावर न्यायचं ठरलं की दोन मतांची माणसं हमखास समोरासमोर येतात. एकाला काम कधी एकदा हातावेगळं करतो असं झालेलं असतं, तर दुसऱ्याला चाललेल्या गाड्याला हात लावायचाच नसतो. ही दोन्ही मतं इथे मी एका मावशी-भाच्याच्या तोंडी घातली आहेत. मावशी भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात अकाउंट्स आणि अॅडमिन बघते. भाचा हिंजवडीत अशीच स्थलांतरं करून देतो. माणसं मी बेतलेली आहेत, वाद मात्र खरा आहे. कारखाना नुकताच एका मोठ्या समूहाने विकत घेतला आहे. समूहाचं सगळं मायक्रोसॉफ्ट ३६५ वर चालतं आणि मावशीचं गुगल वर्कस्पेसवर.

भाचा : मावशी, तू उगाच टेन्शन घेतेस. दोनशे मेलबॉक्स म्हणजे काहीच नाही. जुन्या मेल आम्ही तीन आठवडे आधीपासून मागच्या मागे ओढत राहणार, कुणाला कळणारही नाही. शुक्रवारी संध्याकाळी एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे येणारी मेल कुठे पोचवायची ते सांगणारी डोमेनची नोंद, बदलायचा, शनिवार-रविवारी शेवटच्या दिवसांत साचलेलं आणायचं आणि सोमवारी सकाळी सगळे आउटलुकवर.

मावशी : शनिवारी आमची पहिली पाळी असते.

भाचा : ऑफिसची?

मावशी : प्लांटची. गाड्या भरतात. ईआरपीतून बिल निघालं की त्याची पीडीएफ गिऱ्हाइकाच्या स्टोअरला आपोआप मेलने जाते. ती नाही पोचली तर आमची गाडी त्यांच्या गेटवर उभी. आता सांग, ती मेल कुठल्या आयडीवरून जाते?

भाचा : डिस्पॅचच्या असेल.

मावशी : नोरिप्लाय नावाच्या आयडीवरून. त्याला माणूस नाही. तुझ्या दोनशेत तो आहे का?

भाचा : यादी तुमच्या एचआरने दिली आहे.

मावशी : म्हणूनच नाही. एचआर पगार ज्यांना देतं त्यांना मोजतं.

गोम इथेच आहे, आणि बहुतेक योजना इथेच कच्च्या राहतात. माणसांच्या मेलबॉक्सची यादी कुणीही देतो. माणूस नसलेल्या पत्त्यांची यादी कुणाकडेच तयार नसते, कारण ते पत्ते गरजेप्रमाणे, ज्याच्या त्याच्या सोयीने आणि कुणाला न विचारता काढलेले असतात. मावशीने भाच्याला मग तोंडपाठ ऐकवलं. बँकेत नोंदवलेला आयडी वेगळा, जीएसटी पोर्टलवर ओटीपी येतो तो वेगळा. टीडीएसच्या नोटिसा येतात तो निवृत्त झालेल्या चीफ अकाउंटंटच्या नावाचा, पण मेल पडते मावशीकडे. गिऱ्हाइकांच्या व्हेंडर पोर्टलवर प्रत्येक ठिकाणी निराळा. सीसीटीव्ही बंद पडला तर मेल येते, कॉम्प्रेसरचं तापमान वाढलं तर मेल येते. आणि गेटवरचा स्कॅनर.

भाचा : स्कॅनर पण मेल करतो?

मावशी : आलेल्या प्रत्येक गाडीचं चलन वॉचमन स्कॅन करतो, ते स्टोअर्सला मेलने जातं. चार वर्षांपूर्वी कुणीतरी त्यात गुगलचा युजरनेम-पासवर्ड घालून ठेवलाय. कुणी घातला, ते विचारू नकोस.

भाचा : हे मात्र बरं सांगितलंस. मायक्रोसॉफ्टने २०२२ च्या ऑक्टोबरपासून एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये नुसत्या पासवर्डवर चालणारे जुने मार्ग बंद करायला घेतले. स्कॅनर ज्या मार्गाने पाठवतो तो तेव्हा वगळला होता, पण नव्या टेनंटमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टवरच्या कंपनीच्या नव्या खात्यात, तो मुळात बंदच असतो. स्कॅनरला एकतर खास परवानगी द्यायची, नाहीतर कारखान्याचा स्थिर आयपी ओळखून मेल पुढे जाऊ द्यायची. सोमवारी सकाळी वॉचमनने आरडाओरडा केल्यावर हे करायला बसलो असतो तर अर्धा दिवस गेला असता.

मावशी : म्हणूनच म्हणते, सावकाश घ्या. आधी स्टोअर्स, मग परचेस, मग आम्ही. सहा महिने लागू देत.

भाचा : इथे मात्र माझं ऐक. सावकाश म्हणजे सुरक्षित, हा सगळ्यांचा समज असतो. डोमेन एकच, अर्धी माणसं गुगलवर आणि अर्धी मायक्रोसॉफ्टवर, तर येणारी मेल कुणाकडे द्यायची? मग दोन सबडोमेन काढून इकडची मेल तिकडे फिरवत बसायचं. एमडींना परचेस आणि फायनान्सची मीटिंग लावायचीय, एकाचं कॅलेंडर इथे, दुसऱ्याचं तिथे. रिकामी वेळ एकमेकांना दाखवायची सोय करता येते, पण ती दर पंधरवड्याला कुठेतरी अडकते. एकाच फाइलच्या दोन प्रती होतात आणि लोक दोन्हींत आकडे भरतात. सहा महिने हे चाललं तर कोणता आकडा खरा, हे तूच मला विचारशील.

मावशी : मग मोठमोठी सरकारं करतात ते काय एका शनिवारात?

भाचा : नाही. पण त्यांचं बघ. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या मेल एनआयसीच्या जुन्या व्यवस्थेवरून झोहोवर गेल्या. कंत्राट २०२३ चं. पत्ते मात्र गव्ह डॉट इन आणि एनआयसी डॉट इनच राहिले. बाहेरच्या माणसाला फरक कळलाच नाही, कारण पाटीवरचं नाव बदललं नाही. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने मायक्रोसॉफ्टचं एक्स्चेंज आणि आउटलुक सोडून ओपन-एक्स्चेंज आणि थंडरबर्ड घेतलं. चाळीस हजारांवर मेलबॉक्स, दहा कोटींवर मेल आणि कॅलेंडरच्या नोंदी. सहा महिन्यांच्या आसपास लागले, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये संपलं. चाळीस हजारांना सहा महिने, तर दोनशेंना किती?

मावशी : हा त्रैराशिकाचा हिशेब झाला. त्यांच्या प्रत्येक खात्यात आयटीवाला असेल. आमच्याकडे एक मुलगा आहे, तोच प्रिंटरचं टोनरही बदलतो.

भाचा हसतो, पण उत्तर देत नाही. उत्तर नाहीच. लहान कारखान्यात मेलबॉक्स कमी म्हणून काम सोपं, असं गणित मांडणारे पुष्कळ भेटतात. मेलबॉक्स कमी असले तरी पोर्टलं, बँका, गिऱ्हाइकं आणि खात्यांच्या नोटिसा तेवढ्याच असतात, आणि त्या निस्तरणारा माणूस एकच.

मावशी : आणि मला एक सांग, शुक्रवारी रात्री तू ते एमएक्स का काय बदलणार, तेव्हा वाटेत असलेल्या मेल जातील कुठे?

भाचा : मेल अशी सहज हरवत नाही. समोरचा सर्व्हर गप्प राहिला तर पाठवणारा सर्व्हर थांबतो, पुन्हा पाठवतो. चार-पाच दिवस प्रयत्न करत राहायचा रिवाज आहे. गप्प राहण्यात धोका नाहीच. धोका आहे तो समोरच्याने ‘या नावाचं इथे कुणी नाही’ असं ठाम सांगण्यात. ते ऐकलं की पाठवणारा त्याच क्षणी मेल परत करतो. म्हणून नव्या बाजूला एकही पत्ता जोडायचा राहायला नको, ग्रुप आयडी नको की तुझ्या चीफ अकाउंटंटचा जुना आयडी नको. आणि जुनी बाजू लगेच बंद करायची नाही, कारण काही सर्व्हर अजून तिथेच मेल टाकत असतात.

मावशी : का? तू तर बदललंस ना?

भाचा : प्रत्येक नोंदीला टीटीएल असतो, बाकीच्यांनी ती किती वेळ लक्षात ठेवायची ते सांगणारा. तुमचा चोवीस तासांचा आहे. तो पाच मिनिटांवर आणायचा, पण तोही शुक्रवारी नाही. बुधवारीच. आधीचे चोवीस तास सगळ्यांच्या लक्षातून जायला हवेत.

मावशी : आणि आमच्याकडून जाणाऱ्या मेल? गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाकडे आमची डेबिट नोट स्पॅममध्ये पडली होती. आम्ही दोन महिने वाट बघत बसलो.

भाचा : त्याला एसपीएफ, डीकिम, डीमार्क. तुमच्या डोमेनच्या नावाने कुणी मेल पाठवायची याची एसपीएफ ही यादी. ती एकच नोंद असावी लागते. लोक काय करतात, गुगलची नोंद आहेच, खाली मायक्रोसॉफ्टची दुसरी टाकतात. दोन झाल्या की दोन्ही बाद. एकाच नोंदीत दोघंही हवेत आणि ईआरपीवालाही. त्यात पुन्हा अशी मर्यादा आहे की ती तपासताना दहाहून जास्त ठिकाणी चौकशी करावी लागता कामा नये. पगारपत्रकवाले, जाहिरातवाले असे एकेक जोडत गेलं की ती कधी ओलांडली ते कळतही नाही.

इथपर्यंत भाचा मैदानात होता. मेल हा त्याचा प्रांत आहे आणि या भागात माझं मतही त्याच्याच बाजूचं आहे. मेलची अदलाबदल लांबवण्यात काही मिळत नाही. मावशीची खरी हरकत मात्र मेलबद्दल नव्हतीच, ती फाइलींबद्दल होती.

मावशी : हे बघ. २०२१ ची मेल आहे. सप्लायर म्हणतो, ‘सुधारित ड्रॉइंग या लिंकवर आहे, जुनं वापरू नये.’ ही मेल तू नव्या ठिकाणी नेणार?

भाचा : अर्थात. तारखेसकट.

मावशी : आणि लिंक?

भाचा : लिंक म्हणजे मेलमधला मजकूर. तो जसाच्या तसा येतो.

मावशी : म्हणजे गुगल ड्राइव्हचीच लिंक. फाइल तू शेअरपॉइंटला नेलीस. गुगलचं खातं बंद केलंस. उद्या क्वालिटीच्या ऑडिटमध्ये विचारलं, कुठलं ड्रॉइंग तुम्हाला लागू होतं, तर मी मेल दाखवीन आणि क्लिक केल्यावर काय दिसेल?

भाचा : ...काही नाही.

मावशी : आता दुसरं. आमच्या फाइलींची नावं बघ. पीओ/२३-२४/०११७. मधला तिरका दांडा ड्राइव्हला चालतो.

भाचा : शेअरपॉइंटला चालत नाही. दांडा, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारा, काहीच नाही. आमचं टूल तिथे आडवी रेघ टाकतं.

मावशी : मग परचेसमधली पोरगी दांडा घालून शोधेल आणि फाइल हरवली म्हणून माझ्याकडे येईल. आमच्या सगळ्याच पीओंच्या नावांत दांडा आहे, बाबा. तुझ्या दृष्टीने एक अक्षर, आमच्या दृष्टीने तो नंबर आहे.

यावर भाच्याने वहीत पहिल्यांदा काहीतरी लिहून घेतलं. नावं बदलायची तर ती स्थलांतराच्या आधी, गुगलवर असतानाच, कारखान्याने ठरवलेल्या पद्धतीने बदलायची, टूलच्या मर्जीने नाही. मग मावशीने प्लॅनिंगची शीट उघडली. चार फाइलींतून इम्पोर्टरेंजने आकडे येतात, क्वेरीने गोळा होतात, आणि मागे एक छोटी स्क्रिप्ट आहे जी रोज सकाळी सात वाजता आज कुठला माल किती हवा याची मेल सुपरवायझरांना टाकते. कुणा ट्रेनी मुलीने ती लिहिली होती. ती मुलगी गेली, पण तिची स्क्रिप्ट अजून कारखाना चालवते.

भाचा : ही एक्सेलमध्ये उतरेल, पण मेलेली. आकडे दिसतील, हलणार नाहीत. इम्पोर्टरेंज तिथे नाही, स्क्रिप्ट येत नाही. आणि त्या मुलीचं खातं?

मावशी : तिचं खातं ती गेल्यावर बंद व्हायला हवं होतं. मीच होऊ दिलं नाही. तिच्या नावावर फाइल आहे म्हणून.

भाचा : नशीब. गुगलवर डिलीट केलेला युजर वीस दिवसांपर्यंत परत आणता येतो, मायक्रोसॉफ्टकडे तीस. त्यानंतर कितीही हातापाया पडलं तरी उपयोग नाही. बरं, या शीटचं असं करू. ती आपण नेणारच नाही. नवीन बांधू, महिनाभर दोन्ही चालवू आणि आकडे जुळले की जुनी बंद.

मावशी : महिनाभर दोन्ही! मघाशी तूच म्हणालास, दोन प्रती नकोत.

भाचा : मेलच्या. मेल एका रात्रीत गेली पाहिजे. फाइलींचं तसं नाही, हे मान्य.

घर बदलताना सामान टेम्पोत एका दिवसात जातं, गॅसच्या पुस्तकावरचा पत्ता बदलायला मात्र महिना जातो. पण योजनेच्या कागदावर तारीख एकच लिहिलेली असते, आणि समूहाच्या मुख्यालयाला तीच तारीख गुगलचं बिल थांबायची म्हणून कळलेली असते. मावशीची सगळी धास्ती त्या दुसऱ्या समजुतीपायी आहे.

मावशी : समूहाचे लोक म्हणतात, सोमवारी आउटलुक सुरू, मंगळवारी गुगल बंद. दुहेरी पैसे का भरायचे?

भाचा : त्यांना कागद दाखव. कंपनी कायद्याने हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचरं आठ वर्षं ठेवायची असतात आणि तुमची अर्धी व्हाउचरं म्हणजे मेलला जोडलेल्या पीडीएफ. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि लॉगइनचे लॉग कुठल्याही टूलने इकडून तिकडे येत नाहीत. ते वेगळे उतरवून ठेवायचे. कोर्टकचेरी निघाली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि मूळ नोंद कुठल्या यंत्रावर कशी होती ते सांगावं लागतं. जुन्या खात्याचे गरजेपुरते परवाने सहा महिने ठेवले तर त्याला दुहेरी खर्च म्हणत नाहीत.

मावशी : हे तू मघाशी का नाही बोललास? मघाशी तर तीन दिवसांत सगळं संपवत होतास.

भाचा : मी हलवायचं बोलत होतो, बंद करायचं नाही. पण लोक दोन्ही एकच धरतात, हेही खरं. आणि एक सांगतो, तुमचं नशीब की तुम्ही गुगलवरून येताय. एका मायक्रोसॉफ्ट टेनंटमधून दुसऱ्यात जायचं असतं तर सावकाश हा पर्यायच नव्हता. एक डोमेन एका वेळी एकाच टेनंटमध्ये राहू शकतं. जुन्यातून सगळ्यांचे आयडी सोडवून डोमेन काढायचं, मग नव्यात घालायचं, आणि मधल्या वेळात ते कुठेच नसतं. अशाच एका कामात सगळं नीट झालं आणि सोमवारी ऑफिसातल्या ऑफिसातच मेल बाउन्स व्हायला लागल्या. बाहेरच्या येत होत्या, जात होत्या. शेजारच्या टेबलावरच्याला पाठवलेली मात्र परत.

मावशी : शेजारच्याचीच का?

भाचा : आउटलुक नाव लक्षात ठेवतं ना, पहिली दोन अक्षरं टाकली की पूर्ण करून देतं. एकाच कंपनीतल्या माणसाच्या बाबतीत ते मेल आयडी लक्षात ठेवत नाही, आतला एक लांबलचक पत्ता ठेवतं. नाव तेच दिसतं, आत जुन्या टेनंटचा पत्ता. तो प्रत्येकाच्या नव्या मेलबॉक्सला टोपणपत्ता म्हणून जोडायचा राहिला होता. स्क्रिप्टचं काम, पण दुपारपर्यंत सगळं ऑफिस आयटीच्या नावाने खडे फोडत होतं.

मावशी : आमच्या सोमवारी काय होईल?

भाचा : खरं सांगू? मेलचं काही नाही. सकाळी आठला सुपरवायझर कॉम्प्युटर उघडतील, मायक्रोसॉफ्ट विचारेल मोबाइलवर ऑथेंटिकेटर आहे का...

मावशी : शॉपवर मोबाइल नेऊ देत नाही आम्ही.

भाचा : आणि एका कॉम्प्युटरवर चौघे एकाच आयडीने बसतात?

मावशी : तिन्ही पाळ्यांत मिळून.

भाचा : मग ते चौघे आधी. शुक्रवारच्या पंधरा दिवस आधी दहा-बारा जणांची पहिली तुकडी न्यायची. एरवी आम्ही आयटीतल्या उत्साही पोरांना घेतो आणि सगळं छान चाललं म्हणून रिपोर्ट देतो. इथे घेऊ शॉपवरचा एक सुपरवायझर, डिस्पॅचचा एक, तुझ्याकडची एक आणि एमडींची सेक्रेटरी.

मावशी : सेक्रेटरी कशाला?

भाचा : ती एमडींचा मेलबॉक्स उघडते, त्यांच्या वतीने मीटिंग लावते. ती परवानगी आपोआप येत नाही. मीटिंग रूमची बुकिंगंही येत नाहीत. मीटच्या लिंक कॅलेंडरमध्ये तशाच राहतात, गुगलच्या. आठवड्याच्या ठरलेल्या मीटिंगा नव्याने लावायला लागतात. हे सगळं एकाच माणसाकडे कळतं, ते तिच्याकडे.

मावशीचा आवाज इथे जरा खाली आला. तिला सहा महिने नकोच होते. आपल्या कारखान्यात काय कशावर टेकलंय, हे कुणीतरी विचारावं एवढंच तिला हवं होतं. आणि भाच्यालाही तीन दिवसांचा हट्ट नव्हता. मेल फिरवायची एक रात्र त्याला कुणी तुकड्यातुकड्यांत वाटून द्यायला नको होती, कारण तुकडे केले की ती रात्र लांबतच जाते.

भाचा : चल, तारीख ठरवू. महिनाअखेर?

मावशी : वेडा की काय. महिनाअखेरीला डिस्पॅचचा पूर असतो. सात तारखेला टीडीएस, अकराला जीएसटीआर-वन, पंधराला पीएफ आणि ईएसआय, वीसला थ्री-बी. एकवीस ते चोवीस, मध्ये शुक्रवार पडेल तो महिना घे. मार्च सोडून. आणि दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे सोडून.

भाचा : बरं. आता फक्त डोमेनचं लॉगइन दे, टीटीएल बघून ठेवतो.

मावशी : ते वेबसाइट करणाऱ्या मुलाकडे आहे. २०११ ला त्याच्याच नावावर घेतलं होतं. दरवर्षी तो रिन्यू करतो, आम्ही त्याला पैसे देतो.

भाचा : मावशी! त्याचं खातं कुठल्या मेलवर आहे?

मावशी : आमच्याच डोमेनवर एक आयडी दिला होता त्याला. गेल्या वर्षी बंद केला. माणूस आपला नाही, लायसन्सचे पैसे कशाला भरा म्हणून.

भाचा : कुणी?

मावशी : मी.

भाचा : ठीक. डोमेनवरच्या मेल अजून आपल्याच हातात आहेत, म्हणून बरं. तोच पत्ता तुझ्या मेलबॉक्सला टोपणपत्ता म्हणून जोडतो. जोडला. आता पासवर्ड विसरलो म्हणून टाकतो. बघ तुझ्याकडे.

मावशी : आली. पण हे म्हणतंय, ओटीपी मोबाइलवरही पाठवलाय. शेवटचे आकडे ६७.

भाचा : कुणाचा नंबर?

मावशी : त्याचाच असणार. सांगलीला असतो तो हल्ली. थांब, लावते फोन.